ऐंशी दातांचं पातं

शिंप्याशी पैज लागली ती मिशीवर.

मी म्हटलं, "धारवाला पाती बदलतो. आपलं चांगलं स्वतःकडे ठेवतो, दुसऱ्याचं झिजकं माथी मारतो."

"माझ्या कात्र्या बारा वर्षं त्याच्याकडेच जातात," शिंपी म्हणाला. "सिद्ध कर, भर गल्लीत मिशी काढतो. नाहीतर तुझी."

धारवाला म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. तो चोर ठरला तर त्याचं दुकान बंद, आणि माझ्या घरची चूलही.

पण संशय काय उगाच आला? माझ्या सुतारकामाच्या टेबल सॉचं, म्हणजे करवतीच्या यंत्राचं, ऐंशी दातांचं गोल पातं धार लावून आलं की दोन दिवसांत लाकूड जाळायला लागायचं. जाड फळी उभी चिरली की धूर, काळी कड, करपट वास. ताज्या धारेचं पातं असं करतं होय?

मग मी बायकोच्या लाल नेलपॉलिशचा एक ठिपका पात्याच्या मधल्या भोकाजवळ दिला आणि पातं धारेला नेलं. मेहुण्यानं हसत घेतलं. ते हसणंही मला खटकलं.

चार दिवस गल्लीभर पैजेचीच चर्चा होती. मग पातं आलं. ठिपका गायब. मी तसाच शिंप्याला घेऊन मेहुण्याच्या दुकानी गेलो, जाताना वाटेत भेटेल त्याला हाक मारली.

"ठिपका होय दाजी?" मेहुणा म्हणाला. "धार लावायच्या आधी पाती कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात भिजवतो. दातांत अडकलेली लाकडाची राळ निघते, नेलपॉलिश काय टिकणार?"

"सोयीचं उत्तर आहे."

त्यानं आतून एक फाइल आणली. आलेल्या प्रत्येक पात्यावर कागद ठेवून, पेन्सिल घासून तो ठसा घेतो. खाली नाव, तारीख.

"हे कशाला?" शिंप्यानं विचारलं.

"प्रत्येक गल्लीत एक दाजी असतोच."

लोक हसले. माझ्या कागदावर एक वाकडा ओरखडा उमटला होता. माझाच स्क्रूड्रायव्हर घसरून पडलेला. मी पातं तीनदा फिरवून पाहिलं. ओरखडा तिथंच, तस्साच.

"मग लाकूड का जाळतं?" मी विचारलं.

"ऐंशी दात प्लायला, आडव्या कापाला. उभी जाड फळी चिरायला चोवीस दातांचं लावा. बारीक दातांत भुसा मावत नाही, मग पातं घासून तापतं."

हे मला ठाऊक होतं. चोवीस दातांचं भिंतीवर टांगलेलं होतं. पातं बदलायला नट खोलायचा कंटाळा.

न्हाव्यानं गल्लीत खुर्ची मांडली. "अजून मधे घे," शिंपी म्हणाला, "कोपऱ्यावरून दिसत नाही."

मेहुणा मात्र हसत नव्हता. "पैज तुमची दोघांची दाजी. चार दिवस गल्लीत चोर मी होतो."

माझ्या तोंडाला साबण लागला होता. तरी मी मोठ्यानं म्हणालो, "पातं माझंच आहे. हा माणूस सरळ आहे. वाकडं माझं डोकं."

"मागं ऐकू आलं नाही," मेहुणा म्हणाला.

मी परत म्हणालो, आणखी मोठ्यानं. मग न्हाव्यानं मिशीची डावी बाजू उतरवली.