तीन रिकामी भोकं

थोरल्या सुनेला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षी सुतार पडला. उंचावरून वगैरे नाही. शेजारच्या नव्या घराला चौकट बसवली होती. ती ओळंब्यात आहे की नाही, ते डोळा बारीक करून बघत तो एकेक पाऊल मागं सरत गेला, आणि मागं ओटा संपला. चौकट सरळ होती. गुडघ्याच्या वर चार बोटांवर मांडीचं हाड मात्र मोडलं.

डॉक्टरीणबाईंनी हाडाला बाहेरच्या अंगानं धातूची पट्टी लावून स्क्रू आवळले. दुसऱ्याच दिवशी सांगितलं, "पायावर भार द्यायचा नाही, पण गुडघा रोज वाकवायचा. आत्ता नाही वाकवला तर पुढं वाकणार नाही."

सुताराचं सगळं काम जमिनीवर बसून. पायानं फळी दाबायची आणि रंधा मारायचा. गुडघा ताठला की धंदा बसला, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी तो वाकवीना. घरी आल्यावर बायको सकाळ-संध्याकाळ गुडघा वाकवायला टाचेखाली टॉवेल घालून बसायची, आणि हा भिंतीकडं तोंड करून पडायचा.

"फार दुखतंय का?"

"दुखण्याचं काही नाही."

"मग घोडं अडलंय कुठं?"

तेव्हा त्यानं उशीखालचा एक्सरे काढून खिडकीशी धरला. "हे बघ. पट्टीला भोकं अकरा, स्क्रू आठ. तीन रिकामी. तीही नेमकी मोडल्या जागेवर. मी बिजागरीचं एक भोक रिकामं सोडलं असतं, तर माझ्या बापानं मला दोन दिवस जेवायला दिलं नसतं. असल्या कामावर मी गुडघा वाकवू? सुटली म्हणजे?"

"अहो, मग डॉक्टरांना विचारा की."

"कारागिराला त्याच्या तोंडावर विचारू? शोभतं का ते?"

शोभण्याबिभण्याशी बायकोला देणंघेणं नव्हतं. पुढच्या तपासणीला तिनं त्याची चाकाची खुर्ची ढकलत आत नेली आणि दारातच सांगून मोकळी झाली, "डॉक्टर, तुमचे तीन स्क्रू राहिलेत म्हणे."

सुतारानं मान खाली घातली. नजर गेली ती दाराच्या खालच्या बिजागरीवर. तो पुटपुटला, "इथंही एक नाही."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. "मिस्त्री, टेबलाची वरची फळी खालच्या पट्टीला कशी जोडता?"

"भोक लांबट ठेवतो. स्क्रू पार आवळत नाही."

"का बरं?"

"लाकूड फुगतं, आकसतं. जखडलं तर चिरतं."

"तुमच्या हाडाचंही तसंच. मोडल्या जागी जरासं हलायला वाव असला तर ते नीट सांधतं. सगळी भोकं भरली तर ताण एकाच जागी येतो आणि पट्टीच तुटायची भीती. ती तीन मी मुद्दाम सोडलीत."

सुतारानं एक्सरेवरची ती तीन भोकं बोटानं पुन्हा मोजली. "मग आधी सांगायचं नाही होय," एवढंच म्हणाला.

त्या संध्याकाळी टॉवेल त्यानंच मागून घेतला. मेलेली आई आठवेपर्यंत कण्हला, पण वाकवला. पुढं जुळ्या भिंत धरून उभ्या राहायला लागल्या, तेव्हा हाही कुबड्यांवर उभा राहिला. सून म्हणायची, "तीन पोरं एकदम चालायला लागलीत, मी कुणाकुणाच्या मागं धावू?"

शेवटच्या तपासणीला तो काठी टेकत गेला. खिशात एक स्क्रू आणि पेचकस. काठी भिंतीला लावली आणि दात आवळून, हळूहळू, दारापाशी उकिडवा बसला.

"हे दार आहे, हाड नाही," स्क्रू फिरवत तो म्हणाला. "याला सगळे लागतात."

डॉक्टरीणबाई बिजागरीकडं बघत होत्या. बायको गुडघ्याकडं बघत होती.

पुढं बरीच वर्षं घरात रंधा वाजला. अंथरुणात, केसांत, पाण्याच्या माठात लाकडाची सालपटं सापडायची, आणि बायको रोज त्याच्या नावानं बोटं मोडायची. आता ती अंथरूण झटकते, तर काहीच पडत नाही.

जुळ्या शाळेच्या शेवटच्या वर्गात होत्या, तेव्हा एका मंगळवारी सकाळी, छातीत कळ येऊन सुतार वारला.