बाबांच्या आवडीचं गाणं

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आग्नेसकाकूने माझ्या हातातली बटाटे सोलायची सुरी काढून घेतली.

"बस तिकडे, हाइके. मयताच्या घरच्यांनी हात हलवायचा नसतो."

आमच्या जर्मनीतल्या एम्सलँडच्या खेड्यांत मयत शेजाऱ्यांचं असतं. घरोघरी निरोप तेच देतात, पेटी तेच उचलतात, नंतरच्या कॉफीबरोबरचा लोण्याचा केकही तेच भाजतात. सगळं ठरवतो तो पहिला शेजारी. आमचा पहिला शेजारी म्हणजे आग्नेसकाकूचा नवरा, एंगेलबर्टकाका. गावच्या बँडमध्ये तो ट्रम्पेट वाजवतो.

"कबरीपाशी तुझं गाणं वाजवतोय आम्ही," तो खुर्ची ओढत म्हणाला. "तुझं ते 'रविवारपर्यंत'. अगदी सावकाश, चर्चमधल्यासारखं. तुझ्या बाबाचा, क्लेमेन्सचा जीव होता त्या गाण्यावर."

बाबांचा त्या गाण्यावर जीव नव्हता. आमचा चौघी मुलींचा पॉप ग्रुप होता, त्याचं ते पहिलंच गाणं. एक उन्हाळाभर ते सगळ्या जर्मनीत पेट्रोलपंपापासून पोहण्याच्या तलावापर्यंत वाजत होतं. आमचं दुसरं गाणं कोणाला आठवत नाही. मी पुढे ओल्डनबुर्गला ग्रंथालयात नोकरी धरली आणि त्यातून सुटले. बाबा गावातच राहिले. पोस्टमन ते गुणगुणत पत्रं टाकायचा. जत्रेच्या तंबूत बाबांनी पाय ठेवला की बँड तेच सुरू करायचा, आणि बाबा हसून ग्लास उंच करायचे. वीस वर्षं त्यांनी ग्लास उंच केला. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये मला म्हणाले, "कबरीपाशी काही वाजवू देऊ नकोस. ते तर नाहीच. तेवढं बघ."

एवढं एकच त्यांनी माझ्याकडे मागितलं होतं.

"काका, बाबांना कबरीपाशी शांतता हवी होती."

"असंच म्हणायचा तो! साठीलाही म्हणाला, काही नको. आणि मग? पहाटेपर्यंत तंबूतून हलला नाही."

"या वेळी मनापासून म्हणाले. मला स्वतः सांगितलं."

"आजारी माणूस काय वाटेल ते बोलतो, पोरी. आमच्या हिल्डाने जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, माझ्या मयताला सूप ठेवायचं नाही. ठेवलंच ना?"

"आणि दोनदा मागून प्यायले मेले," काकू मोरीपाशी भांडी विसळत म्हणाली.

"मी त्यांची मुलगी आहे, काका."

"म्हणून तर!" त्याने खालचा ओठ पुढे काढून दाखवला. सुजला होता. "हे बघ. या वयात ते सावकाश वाजवायचं नव्याने घोटतोय. ट्यूबा वाजवणाऱ्याने कारखान्यातून सुट्टी काढलीये. सगळं तुझ्यासाठी आणि त्याच्यासाठी."

मी पाद्रीबाबांकडे गेले. ते अवघडले. म्हणाले, "चर्चच्या आतलं माझं. कबरीपाशी शेजाऱ्यांचं चालतं. मी सांगितलं तर एंगेलबर्ट मला आयुष्यभर माफ करायचा नाही." मग त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली.

दफनाच्या दिवशी वारा होता. काकाने आणि बाकीच्यांनी पेटी दोरांवरून खाली सोडली, हात झटकले आणि वाद्यं उचलली. बँड चांगला वाजवत होता, हे मला कबूल केलं पाहिजे. वाईट वाजवलं असतं तर मला रागावता तरी आलं असतं.

दुसऱ्या कडव्यात एक ओळ मी एकटीने गायलेली आहे. तिथे आल्यावर सगळा बँड थांबला. वाद्यं खाली आली. काकाने माझ्याकडे बघून मानेने खूण केली. ती जागा त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती.

मी गायले नाही. पॉपलरच्या पानांची सळसळ ऐकू येत होती, लांब कुठेतरी ट्रॅक्टर चालला होता. बाकी सगळे गप्प होते. बाबांना जे हवं होतं ते इतकंच होतं, आणि माझ्या हातात तेवढंच उरलं होतं. मी ओठ घट्ट मिटून उभी राहिले.

आग्नेसकाकूला वाटलं, माझा गळा दाटून आला. तिने माझा हात हातात घेतला आणि माझी ओळ गायला लागली, बेसूर, मोठ्याने. मागच्या रांगेने ती उचलली. मग सगळ्यांनीच. काकाने बाहीने डोळे पुसले आणि ट्रम्पेट सुजल्या ओठाला लावला.

"राहू दे, पोरी," काकू माझ्या कानाशी म्हणाली. "आम्ही आहोत ना."