अर्धा रस्ता

आमच्या घराला कडी नव्हती, कुलूप नव्हतं, फाटकसुद्धा नव्हतं. चारी बाजूंनी खोल्या, मध्ये अंगण आणि अंगणातून सरळ गावात जाणारी वाट. शेजाऱ्यांच्या शेळ्यासुद्धा कुणाला न विचारता यायच्या-जायच्या. अशा घरात मी वर्षाच्या वर अडकून पडले होते, असं सांगितलं तर लोक हसतील. हसू देत. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

मी आवुओर. माहेर केनियात, सरोवराकाठी, होमा बेजवळ. ओपोंग किसुमूला मोटारींचे सुटे भाग विकायला आला होता. माझ्या आईच्या टपरीवर तळलेला मासा खायला रोज यायचा आणि एक दिवस मासा राहिला बाजूला, मलाच मागून बसला. लग्न झालं आणि त्याच्याबरोबर मी घानात आले, मांपोंगच्या पुढे, त्याच्या गावी. भाषा शिकले. डाव्या हातानं कुणाला काही द्यायचं नाही, अंगणात शिरलं की उजवीकडून सुरुवात करून एकेकाला राम राम घालत जायचं, हे सगळं शिकले. सेरवा इथंच जन्मली. ती शाळेत जायला लागली आणि ओपोंग तापानं गेला.

इथल्या रीतीनं विधवा वर्षभर काळं नेसते. मी नेसले. वर्ष सरल्यावर सासूबाईंनी, म्हणजे अफ्राकोमाबाईंनी, स्वतः मला अंघोळ घातली, पांढरं कापड नेसवलं आणि उकडलेलं अंडं हातावर ठेवलं. डोळे पुसून म्हणाल्या, "खा गं बाई. संपलं आता."

संपलं कुठलं? माझ्या हिशोबानं आता कुठं सुरुवात होती. आमच्या लुओ लोकांत नवरा गेला की बाईला दीर ठेवून घेतो. बाई त्या घरची आणि पोरं तर त्या घरचीच. तिला नकोच असेल तर जा म्हणतात, पण रिकाम्या हातांनी. माझी धाकटी आत्या तशी परत आली होती. तिची दोन्ही मुलं सासरच्या कुंपणाशी उभी राहून रडत होती आणि ही रस्त्यानं एकटी चालत आली. पुढे ती आमच्याकडे हसली, जेवली, म्हातारी झाली, पण कुणी दारात उभं राहिलं की आधी त्याच्या मागं बघायची, बरोबर कुणी पोर आहे का म्हणून. मला आत्यासारखं म्हातारं व्हायचं नव्हतं. बाकी काय वाटेल ते घ्या, सेरवा मी सोडणार नव्हते.

म्हणून मी गप्प राहिले. जायचं नाव काढलं नाही. नाव काढलं असतं तर लगेच, "तू जा, पोर ठेव," असं कुणीतरी म्हणालं असतं, आणि एकदा मोठ्यांच्या तोंडून शब्द निघाला की तो माघारी जात नाही.

तिकडून आईचे फोन सुरू झाले. "माझे गुडघे गेलेत. टपरी कोण बघणार? होडी विकून टाकू का? तू येतेस की नाही, ते एकदा सांग."

"येते गं."

"हे तू मागल्या खेपेलाही म्हणालीस. तिथं कुणी बांधून ठेवलंय का तुला?"

काय सांगू तिला? बांधलं नव्हतं, हेच तर दुखणं होतं. उलट सगळे माझ्याशी इतके चांगले वागत होते की भांडायलाही जागा नव्हती. दीर अदुसेई शेतावरून आला की सगळ्यात मोठा कंद माझ्या दाराशी ठेवायचा. मान खाली घालून म्हणायचा, "वहिनी, पोरीला शिजवून घाला." मी त्या कंदाकडे नुसती बघत राहायची. आज कंद, उद्या हा खोलीत, असं मला वाटायचं. बिचाऱ्याची बायको हे ऐकती तर तिनं मला त्याच कंदानं झोडपलं असतं.

रोज दुपारी वन्संबरोबर फुफू, म्हणजे उकडलेल्या कंदाचा गोळा, कुटायला बसायचं. पोकुआ वन्सं म्हणजे ओपोंगची थोरली बहीण. त्या उभ्यानं मुसळ घालणार, मी उखळापाशी बसून दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा फिरवणार. माझा हात आत, त्यांचं मुसळ वर. माझं तिथलं सगळं आयुष्यच तसं चाललं होतं.

"केनियावाले, लक्ष कुठंय?" वन्सं म्हणायच्या. "बोटं चेचली तर आज रश्श्यात मटण आहे असं सांगावं लागेल."

"तुम्ही नीट मारा, मी नीट फिरवते."

"मी नीटच मारते गं. माझं नशीबच वाकडं पडतं." मग दोन घाव घालून, आकाशाकडे बघत, "आमच्या अंटवीचं लग्न ठरलंय. सून आणायची, पण ठेवायची कुठं? घरात खोल्या काय उगवतात का? सगळ्या भरलेल्या."

अंटवी त्यांचा मुलगा. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, आलं! माझी खोली अंटवीला आणि मला अदुसेईच्या खोलीत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. रात्रंदिवस मला एकच दिसायचं, कुंपणाशी उभी सेरवा.

शेवटी मी ठरवलं, पळायचं. सकाळी सेरवाला एकावर एक दोन फ्रॉक घातले, पासपोर्ट कमरेला बांधला, हातात बाजाराची पिशवी घेतली आणि "बाजारात जाऊन येते," असं म्हणत निघाले. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांनी वर बघितलं, सेरवाकडे जरा जास्तच बघितलं आणि म्हणाल्या, "बरं."

गाडीच्या थांब्यापर्यंत जायला कितीसा वेळ लागतो? पण त्या गावात कुणी नुसतं चालूच देत नाही. मक्याची कणसं भाजणारी म्हणे, कुठं? शिंपी म्हणे, कुठं? देवळाच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या पायरीवर बसलेले दोन म्हातारे म्हणे, कुठं, आणि इतक्या घाईनं? प्रत्येकाला थांबून उत्तर द्यायचं, नाहीतर उद्धट. थांब्यावर पोचेपर्यंत माझ्या तोंडाला कोरड पडली होती.

गाडीत चढायला गेले तर ड्रायव्हरनं दारात हात आडवा धरला. केस पिकलेला, पोट सुटलेला माणूस, सासूबाईंना लांबून ओळखणारा.

"कुठं, ताई?"

"बाजारात."

"पोरीला दोन फ्रॉक घालून? हिची काय वरात आहे का आज?"

गाडीतले सगळे हसले. मी म्हटलं, "पैसे देते ना मी? चला की."

त्यानं आवाज खाली आणला. "ताई, म्हातारीकडं रस्ता मागितलात का?"

रस्ता मागणं मला माहीत होतं. पाहुणा निघताना म्हणतो, आम्हाला रस्ता द्या. घरचा मोठा म्हणतो, अर्धा दिला. उरलेला अर्धा पुन्हा येऊन न्यायचा असतो. पुरा रस्ता फक्त त्याला देतात, ज्याचं तोंड परत बघायचं नसतं. पण हे झालं पाहुण्यांचं. मी काय पाहुणी होते? सून होते. सुनेला कुठं रस्ता मागता येतो?

"मी नाही मागितला," मी म्हटलं.

"मग मी नाही नेत. राग मानू नका. तुम्ही जाल निघून तुमच्या सरोवराला. मला रोज त्यांच्या दारावरनं गाडी न्यायचीय." आणि त्यानं खरोखर आमच्या नाकासमोर दार ओढून घेतलं.

परत येताना तोच शिंपी, तेच म्हातारे, तीच कणसंवाली. "आलात का लवकर?" सगळ्यांना हसून उत्तरं दिली. घाम, दोन फ्रॉकांतली किरकिरणारी पोर आणि आतून चरचरणारा अपमान. मला त्या सगळ्या गावाचा राग आला होता, त्यांच्या राम रामाचा, त्यांच्या गोड बोलण्याचा.

अंगणात शिरले तर सासूबाईंनी एक स्टूल पुढे सरकवलं. आत गेल्या, पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला. पाहुण्याला देतात तसा. मी प्यायले. मग समोर बसून, अगदी रीतीनं, त्यांनी विचारलं, "इथं सगळं क्षेम आहे. तुमचं येणं कशासाठी झालं?"

सात वर्षं ज्या अंगणात मी भांडी घासली, तिथं मला येण्याचं कारण विचारत होत्या. माझा बांधच फुटला. "आई, मला जायचंय! माझी आई तिकडं एकटी आहे. मला जायचंय."

त्यांनी बसल्या जागेवरूनच वन्संना हाक मारली. "पोकुआ, मामाला बोलाव."

बोआटेंगमामा सासूबाईंचे थोरले भाऊ, कुळाचे प्रमुख. ते खांद्यावरचं कापड सावरत आले, बसले, त्यांनाही पाणी झालं. मग म्हणाले, "बोल, पोरी."

आता इकडे आड, तिकडे विहीर. पण मागे फिरायला जागा नव्हती. मी उभी राहिले. "मामा, मी रस्ता मागते. मला घर नको, शेत नको, ओपोंगचं काही नको. फक्त माझी पोर मला द्या. मी पाया पडते, तिला इथं ठेवून घेऊ नका."

मग वन्संच्या तोंडातून काहीतरी निसटलं. हसू होतं ते.

"काय मागतेय ही?" मामा म्हणाले.

"सेरवाला मागतेय," वन्सं म्हणाल्या.

"आमच्याकडे? ती आमची होती कधी?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही. मामा लहान मुलाला समजवावं तसं बोलायला लागले. "अगं, पोर आईच्या रक्ताची. ओपोंग माझ्या बहिणीचा, म्हणून आमचा. पोकुआची पोरं आमची. सेरवा तुझी, म्हणजे तुझ्या माहेरची. तिला ठेवून घ्यायला आम्ही कोण?"

"मग वर्षभर मला का नाही सांगितलं?"

"काय सांगायचं? जा म्हणून? घरात असलेल्या माणसाला जा म्हणतात का कुठं?" सासूबाई पहिल्यांदा चिडल्या. "आम्ही रोज वाट बघतोय, आज मागेल, उद्या मागेल. तिकडं हिला कुणी बघणारं नसेल, म्हणून राहिली असेल, असं म्हणून अदुसेई आपल्या पोरांच्या ताटातला कंद काढून तुझ्या दारी ठेवत होता."

"आणि माझा अंटवी नवरा व्हायचा थांबलाय खोलीपायी," वन्सं म्हणाल्या. "त्याची बायको म्हातारी होईल आता माहेरी बसून."

मी मटकन खाली बसले. शेतं आणि घरं इथं मुलाला नाही, भाच्याला जातात, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पोरंही त्याच वाटेनं जातात, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही. भीतीच इतकी मोठी होती की तिच्या पलीकडचं दिसत नव्हतं. मला हसू आलं, रडू आलं आणि मग एक वेगळीच भीती आली. भाऊ आईपासून वेगळा राहतो, पण माहेरी शब्द त्याचाच; त्याला मी ओळखते. सेरवाला घेऊन दारात उभी राहिले की तो पहिलं हेच म्हणणार, ही तर घानाची, हिला हिच्या बापाच्या घरी का नाही ठेवलीस? इथले म्हणतात तुमची, तिथले म्हणणार त्यांची. इतके दिवस मी जिच्यासाठी जीव टाकत होते, तिच्यावर दोन देशांत कुणाचाही दावा नव्हता.

मामांनी घसा साफ केला. "आवुओर, तुला अर्धा रस्ता दिला. उरलेला न्यायला ये."

मी वाकून मान तुकवली. संपलं होतं. कुणी अडवलं नव्हतं, कुणी अडवणारही नव्हतं.

सेरवा इतका वेळ खांबाला टेकून उभी होती. दुसरा फ्रॉक तिनं केव्हाच काढून टाकला होता. ती पुढे आली, अगदी शाळेत शिकवल्यासारखी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, मी पण रस्ता मागते."

"तुला नाही लागत गं," मामा हसून म्हणाले. "लेकरू आईच्या मागनं जातं."

"पण मी मागते ना." तिनं उजवा हात पुढे केला. "आजी, दे."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तो हात धरला, पोरीला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाही देत."

"आई!" वन्सं म्हणाल्या. "ही काय रीत झाली? मामा बसलेत समोर. तुला हक्क तरी आहे का?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "हक्क असता तर अर्धा देऊन परत बोलावलं असतं. म्हणूनच नाही देत."

मामा जमिनीकडे बघत राहिले. मला ओरडावंसं वाटलं, आत्ताच तर म्हणालात माझी आहे म्हणून! पिशवी माझ्या मांडीवर होती, पोर त्यांच्या मांडीवर, आणि आमच्यातलं कुणीच उठेना.