रिकामी होडी कशी काढावी

वेनिंग मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं काढते आणि माझ्या शेजारी राहते. त्यामुळे नोकरीतून मोकळा झाल्यापासून मी बऱ्याच पुस्तकांवर आजोबा झालो आहे. एकदा अस्वलही झालो. अस्वलासाठी फार बदल करावे लागले नाहीत, असं ती म्हणाली. मी ते कौतुक समजून ठेवून घेतलं.

तिचं टेबल पुढच्या पडवीत असतं. जावा बेटाच्या किनाऱ्यावरच्या आमच्या तेगलमध्ये पडवीत बसून काही करणं म्हणजे ते सगळ्या गल्लीला विचारून करण्यासारखं आहे. मासळीबाजारातून परतणाऱ्या बायका टोपल्या टेकवून उभ्या राहतात, राक्षसाचं नाक मोठं झालंय, हत्ती आजारी दिसतो, असं सांगतात आणि पुढे जातात. वेनिंग ऐकून घेते. जकार्ताचे संपादकही हेच सांगतात, फक्त त्यासाठी आधी बैठक घेतात.

तिची कामाची रीत ठरलेली आहे. आधी गोष्ट पूर्ण वाचायची, अगदी शेवटच्या पानापर्यंत. हे सगळे करत नाहीत. काही जण नुसत्या नावावरून मुखपृष्ठ काढतात, मग पुस्तकात कुठेच नसलेला ससा बाहेर येऊन बसतो. वाचून झालं की कागदावर काडेपेटीएवढे चौकोन आखायचे आणि त्यात निरनिराळी मुखपृष्ठं ओरखडायची. त्यातलं एक संपादक निवडतात, बहुधा तिला न आवडलेलं. मग ते मोठं करून संगणकावर घ्यायचं. वरचा भाग पुस्तकाच्या नावासाठी मोकळा सोडायचा. तिथे ती आकाश रंगवते, मन लावून, ढगबिग घालून. आजवर तिने रंगवलेलं बहुतेक आकाश अक्षरांखाली गेलं आहे. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की ज्या मुलाला खाताना पाहिलं नाही, त्याचं चित्र काढायचं नाही. खाताना मूल खोटं वागत नाही, असं तिचं म्हणणं.

खाताना पाहायची सोय समोरच होती. कुस्निया, आमची यू कुस, म्हणजे कुसताई, दुपारपासून गाड्यावर टोफू तळते. तिची मुलगी आसिह शाळेतून आली की गाड्यामागच्या बाकावर बसून विकायच्या टोफूतला गरम तुकडा तोंडात घोळवत, हाताने वारा घालत खाते. आसिहचा बाप दार्सोनो परदेशी मासेमारीच्या जहाजावर आहे. आहे, असं गल्लीत म्हणतात. त्याची स्वतःची छोटी इंजिनाची होडी होती, ती एजंटच्या घशात घालून तो गेला. रमजानपासून त्याचा फोन नाही. एजंटच्या ऑफिसात विचारलं तर जहाज लांबच्या पाण्यात आहे, तिथे रेंज नसते, असं सांगतात. पूर्वी हे सांगताना ते यू कुसला खुर्ची द्यायचे. आता उभ्यानेच सांगतात.

दार्सोनोच्या आईचं मत वेगळं. म्हातारीला मुलासाठी घरी प्रार्थना घालायची आहे, मेलेल्या माणसासाठी घालतात ती. जीव पाण्यावर अडकून राहायला नको, असं ती म्हणते. यू कुस नाही म्हणते. चटया अंथरल्या, शेजारी जमले, भाताच्या पुड्या वाटल्या, की माणूस गेला यावर गल्लीचा शिक्का बसला. मग तो उद्या परत आला तरी लोक त्याला जरा दबकूनच चहा देतील. त्यामुळे दर गुरुवारी संध्याकाळी, प्रार्थनेच्या वेळेला, सासू गुंडाळलेल्या चटईकडे बघते आणि सून कढईकडे.

अशात वेनिंगकडे एक गोष्ट आली. बाप मोठ्या जहाजावर गेलेला, एक मुलगी रोज धक्क्यावर जाऊन त्याची वाट बघते. शेवटच्या पानावर बाप येतो, ओलाचिंब, हातात एक मासा. प्रकाशनाला मुखपृष्ठावर हवी होती पाठमोरी मुलगी आणि तिच्यासमोर धक्क्याला बांधलेली बापाची रिकामी होडी. दुःख दिसलं पाहिजे, पण एकंदर प्रसन्न वाटलं पाहिजे, अशी सूचना होती.

“आसिहला घेणार?” मी विचारलं.

“पाठमोरी तर आहे, पाक. कोण ओळखतंय?” ती मला पाक म्हणते, म्हणजे काका.

आमच्या गल्लीत माणसं पाठीवरूनच जास्त ओळखू येतात, कारण आम्ही त्यांच्याबद्दल बोलायला लागतो ते त्यांनी पाठ फिरवल्यावर. शिवाय आसिहची वेणी. तळता तळता, तेलकट बोटांनी घातलेली, कायम डावीकडे कललेली. पण मी गप्प बसलो. वेनिंगने गोष्ट शेवटपर्यंत वाचलेली होती. बाप परत येतो अशा पुस्तकावर आसिह असणं तिला शुभच वाटत होतं.

चित्र अर्धं झालं होतं, तेव्हा यू कुस टोफूची पुडी द्यायला पडवीत आली. पडद्याकडे बघितलं. पुडी हातातच राहिली.

“ही आसिह आहे.”

“यू, ऐक ना, पुस्तकात शेवटी बाप येतो. खरंच. शेवटचं पान वाचून दाखवू?”

“होडी कोणाची?”

“गोष्टीतल्या बापाची.”

“रिकामी का?”

वेनिंगने माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं.

“शेवटी येतो, यू,” वेनिंग पुन्हा म्हणाली.

“पुस्तक म्हणजे काय आपला खडीसाखरेचा चहा आहे, न ढवळता शेवटी गोड लागायला? दुकानात शेवटचं पान कोण टांगतं? लोक हे बघणार. माझी पोरगी आणि रिकामी होडी.” तिने पुडी टेबलाच्या कडेला ठेवली, जपून, कागदांना तेल लागणार नाही अशी. “म्हातारी इतके दिवस चटई घेऊन बसलीये आणि मी तिला अंथरू देत नाहीये. तू इथे बसून कागदावर उरकून टाकलंस, निंग.”

“मी असं कधी मनातसुद्धा…”

“बसव त्याला होडीत.”

एवढं बोलून ती गेली. दुसऱ्या दिवशी आसिह बाकावर पडवीकडे पाठ करून बसली होती. तसं बसायला सांगितलेलं असणार. वेनिंगला टोफू मिळाला, पण तो सर्वांत शेवटी, गिऱ्हाइकासारखा, दोन्ही हातांनी. शेजाऱ्याला इतक्या अदबीने कोणी वागवायला लागलं की समजावं, संबंध संपत आले.

वेनिंगने दार्सोनोला बसवायचं ठरवलं. पण त्याला खाताना, पिताना, होडीत, तिने नीट कधी पाहिलंच नव्हतं. तो पहाटे जायचा आणि ती उशिरा उठायची. मग तिने पडवीत बादली पालथी घातली आणि मला म्हणाली, “बसा.”

आजोबा झालो होतो, अस्वल झालो होतो. त्या दुपारी दार्सोनो झालो.

मी बसलो. बादलीने आवाज केला. वेनिंग रेघा ओढायला लागली, खोडायला लागली. समोर कढई सळसळत होती, मग सळसळ थांबली. यू कुस रस्ता ओलांडून आली. तिने माझा खांदा धरून खाली दाबला.

“पाठ वाकवा, पाक. जावई बनून बसू नका. तो असा ताठ बसत नाही.”

“माझी पाठ एवढीच वाकते.”

“मग मान घाला पुढे. आणि बसायचं मागे, इंजिनापाशी. डावा हात इंजिनावर. तिकडे नाही, पाक, डावा. जेवायच्या हाताने इंजिन धरतात का?” ती दोन पावलं मागे सरली, डोळे बारीक करून बघितलं. “पाय जवळ घ्या. त्याला थंडी वाजते पाण्यावर. कोणाला सांगत नाही.”

वेनिंग काढत होती. यू कुस उभी होती. टोफू करपल्याचा वास आला तरी ती हलली नाही. गिऱ्हाइकाने दोनदा हाक मारली, तेव्हा गेली.

चित्र उत्तम झालं. होडीच्या मागच्या टोकाला दार्सोनो, मान पुढे, पाय जवळ. होडी त्याच्या बाजूने पाण्यात चांगली दबलेली. मुलगी त्याच्याकडे बघतेय. यू कुसने येऊन पाहिलं आणि संध्याकाळी आसिहच्या हातून पुडी आली, पैसे न घेता.

आठवड्याने जकार्ताहून फोन आला. फ्रिस्का म्हणून संपादक. ती वेनिंगला म्बाक, म्हणजे ताई म्हणते आणि वेनिंग तिला म्बाक म्हणते, म्हणजे दोघींपैकी कोणालाच धाकटं व्हावं लागत नाही. वेनिंगचे हात रंगात होते, म्हणून फोन टेबलावर मोठ्याने चालू होता आणि मला नाइलाजाने ऐकावं लागलं.

“म्बाक वेनिंग, बाबा फार छान आलेत. सगळ्यांना आवडले.”

“थँक्यू, म्बाक.”

“फक्त ते नकोत.”

वेनिंगने ब्रश खाली ठेवला.

“म्हणजे बघा, बाबा समोरच बसलेत, तर ती वाट कोणाची बघतेय? पुस्तक उघडायची गरजच राहत नाही. होडी रिकामीच हवी.”

“बाबा अंधुक केले तर? लांबून येताना वगैरे?”

“नको, म्बाक. आणि विक्रीवाल्यांचं एक आहे. धक्क्यावर मांजर बसवता येईल का? मांजराची मुखपृष्ठं चालतात.”

“गोष्टीत मांजर नाहीये.”

“गोष्ट लेखिका बघून घेतील.”

वेनिंग आणखी थोडी झगडली. मग फ्रिस्का मवाळ आवाजात म्हणाली की वेळ अगदी कमी आहे, जमत नसेल तर मनाला लावून घेऊ नका, बांडुंगला एक मुलगा आहे. स्वतंत्र काम करणाऱ्या प्रत्येक चित्रकाराच्या आयुष्यात बांडुंगला एक मुलगा असतो.

संगणकावर प्रत्येक वस्तू वेगवेगळ्या लेअरवर काढतात. मुलगी एका लेअरवर, पाणी एका, होडी एका, माणूस एका. माणूस नको असेल तर खोडावा लागत नाही. त्याच्या नावापुढे डोळ्याची खूण असते, ती दाबली की तो दिसेनासा होतो. वेनिंगने लेअरला ‘दार्सोनो’ असंच नाव दिलं होतं. तिने बराच वेळ पेन त्या डोळ्यावर धरून ठेवलं आणि मग दाबलं.

दार्सोनो गेला. होडी राहिली, मागच्या बाजूने तशीच पाण्यात दबलेली.

“हे चूक दिसतंय,” मी म्हणालो. “रिकामी होडी अशी दबत नाही. वर येते.”

“माहितीये.”

“मग वर घे.”

ती पेन घेऊन बसली. होडी जराशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. “पुस्तकात एवढी चूक चालते, पाक,” ती म्हणाली. “ससे चालतात.” आणि तिने तशीच होडी पाठवून दिली, धक्क्यावर मांजर बसवून. फ्रिस्काचं लगेच उत्तर आलं, होडी आता किती रिकामी वाटतेय, चित्राला एक वेगळंच वजन आलंय.

वजन माझं होतं. ते त्यांना कळवण्यात अर्थ नव्हता.

पुस्तक छापून येईपर्यंत वेनिंगने यू कुसला काही सांगितलं नाही. टोफू फुकट येत राहिला आणि ती तो घेत राहिली. खाताना मात्र तिचं तोंड असं व्हायचं की तिचंच चित्र काढावं. “सांग तिला,” मी म्हणायचो. “उद्या,” ती म्हणायची. आसिह आता वेनिंगच्या टेबलापाशी येऊन विचारायची, बाबा छापून कधी येणार? या प्रश्नाला ‘लवकरच’ म्हणताना मी वेनिंगला पाहिलं आहे. एजंटच्या ऑफिसातला माणूसही अगदी तसंच म्हणतो.

पुस्तकं आली, तेव्हा एकटीने जायची तिची हिंमत झाली नाही. आम्ही दोघं गाड्यावर गेलो. सासू बाकावर बसली होती. आसिह अजून शाळेतच होती, तेवढं बरं होतं.

यू कुसने हात फडक्याला पुसले, पुन्हा पुसले, आणि पुस्तक घेतलं. कढईत टोफू उलटायचा राहिला.

“मांजर कोणाचं?”

“विक्री विभागाचं,” मी म्हणालो.

“यू,” वेनिंग म्हणाली, “मी काढला होता त्याला. तू पाहिलास. त्यांनी नको म्हटलं. मी आधी सांगायला हवं होतं. तू हवं ते बोल मला.”

यू कुस होडीकडे बघत होती. मग तिने बोट ठेवलं, होडीच्या मागच्या टोकाला, जिथे लाकूड पाण्याला टेकलं होतं. बोट तिथेच राहिलं.

“इथे बसलाय,” ती म्हणाली.

वेनिंगने मान हलवली. होय की नाही, ते मला कळलं नाही.

“केवढी दबलीये.” यू कुसने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. “जाड झालाय. म्हणजे तिकडे जेवायला घालतायत त्याला.”

मी पोट आत घेतलं. त्याचा आता उपयोग नव्हता.

तिने पुस्तक गाड्याच्या काचेत उभं केलं, सॉसच्या बाटलीला टेकवून. गिऱ्हाइकं ते बघायची, वेणी ओळखायची, आवाज खाली आणून जास्त टोफू घ्यायची. कोणी हळहळलं तर ती सरळ विचारायची, तिखट हवं का?

त्या गुरुवारी संध्याकाळी म्हातारीने चटई बाहेर काढली आणि ती सोडायला लागली. आम्ही पडवीतून बघत होतो. यू कुसने पुस्तक नेऊन तिच्या मांडीवर ठेवलं.

“बघा, आई. बसलाय.”

म्हातारीने पुस्तक जवळ धरलं, लांब धरलं. “मला नाही दिसत.”

“तुमचे डोळे गेलेत. हे इथे, मागे. इंजिनापाशी.”

आसिह मध्ये डोकावली. “मला दिसतोय, आजी,” ती म्हणाली.

म्हातारी नातीकडे बघत राहिली, मग सुनेकडे. घरात दोघींना दिसतंय आणि एकीला नाही, याचा तिने बहुधा हिशेब केला. तिने चटई पुन्हा गुंडाळली आणि भिंतीला टेकवून ठेवली. तिच्या पोटच्या पोरासाठी तिला करायची होती ती प्रार्थना आता या घरात तरी होणार नव्हती.

वेनिंग माझ्याकडे वळली. चेहऱ्यावर रंग नव्हता.

“पाक, आता तो नाही आला तर?”

ती बादली अजून पडवीत पालथी पडली होती. त्या दुपारपासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. वेनिंगने ती उचलायला हात घातला, आणि मग तशीच राहू दिली.