मालकीण स्वतः राहते

मित्रांनो, तिसऱ्या मजल्यावर जिन्याला लागून जो जुना फ्लॅट आहे ना, तो मी. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी, एवढाच माझा पसारा. मला बांधले तेव्हा गवंड्याने स्वयंपाकघराच्या भिंतीत लोखंडी पाइप गाडला आणि वरून गिलावा केला. काम सुबक झाले, असे सगळे म्हणाले. तो पाइप पुन्हा कोणाच्या नजरेस पडला नाही.

माझी मालकीण रुग्णालयात परिचारिका होती. शेजारीपाजारीही तिला सिस्टरच म्हणत. अर्धे आयुष्य पाळ्या करून तिने मला घेतले आणि वीस वर्षे ती माझ्यात राहिली. खिडकीचे बिजागर जरा करकरले की ती तेलाची बाटली घेऊन हजर. पाहुणे म्हणत, "सिस्टर, घर कसं लख्ख ठेवलंय हो तुम्ही!" ते ऐकून माझ्या भिंती फुलून येत.

मग ती निवृत्त झाली. गुडघ्यांनी दगा दिला, तीन जिने चढवेनात. ती मुलीकडे राहायला गेली आणि मला भाड्याने द्यायचे ठरले. त्या भाड्यावरच तिचे औषधपाणी भागायचे होते. त्याच सुमारास समोरच्या इमारतीत शॉर्टसर्किट होऊन एक घर जळाले आणि सिस्टरने धसकाच घेतला. माझा विमा काढायचाच, असे तिने ठरवले.

विमा एजंट आला तेव्हा मी रिकामाच होतो. सिस्टर खिडकीत टेकली होती आणि तिचा मोठा भाऊ सामानाच्या खोक्यावर बसला होता. एजंट सज्जन होता, पण घाईत होता.

"घरात राहणार कोण?" त्याने विचारले. "तुम्ही स्वतः, की भाडेकरू?"

"भाडेकरू येणार आहेत पुढच्या आठवड्यात. व्हायोलिन शिकवतात," सिस्टर म्हणाली.

"मग पॉलिसी वेगळी. भाडेकराराची प्रत लागेल. हप्ता थोडा चढा बसेल. पण दुर्घटना होऊन घर बंद राहिलं, तर बुडालेलं भाडंही त्यात मिळतं."

भाऊ मध्येच म्हणाला, "अगं, घर तुझंच ना? मग तूच राहतेस म्हण. कशाला नसती कटकट? कोण येतंय बघायला?"

"पण दादा, मी तर लेकीकडे..."

"तू ना, उगाच काथ्याकूट करतेस बघ."

सिस्टरने पेन हातात घेतले. मित्रांनो, हीच बाई औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तीनतीनदा वाचल्याशिवाय रोग्याला थेंबही देत नसे. त्या दिवशी तिचे पेन दोनदा 'भाड्याने दिले आहे' या ओळीपाशी थांबले. मी तिला कसे सांगणार? भिंतीला कान असतात असे तुम्ही म्हणता, पण तोंड कुठे असते? अखेर तिने 'मालक स्वतः राहतात' यावर खूण केली आणि सही केली.

पुढच्या आठवड्यात मास्तर आले. एकटाच जीव. सामान थोडे, पण व्हायोलिने पाच. एक त्यांच्या वडिलांचे, बाकीची शिष्यांची, दुरुस्तीला आलेली. ती त्यांनी स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीशी, खालच्या फळीवर ओळीने ठेवली. किल्ली घेताना त्यांनी विचारले, "सिस्टर, या वाद्यांची फार काळजी वाटते हो. काही झालं तर?"

"निर्धास्त राहा मास्तर. घराचा विमा आहे," ती म्हणाली. तिने ते मनापासून सांगितले. तिला खरोखर तसेच वाटत होते.

चार वर्षे फार सुखात गेली. रोज मुले यायची, बेसूर वाजवायची, मास्तर हसून पुन्हा धडा द्यायचे. मात्र माझ्या पोटातला तो पाइप गंजत चालला होता. एके ठिकाणी तो कागदासारखा पातळ झालेला मला जाणवत होता. बाहेर हातभर ओल उमटवली, एवढेच मला जमले. रंगाऱ्याने तिच्यावर दोन हात रंग मारला आणि ती दिसेनाशी झाली.

एका सकाळी मास्तर गावाला गेले आणि दुपारी पाइप फुटला. पाण्याची धार भिंत फोडून बाहेर आली. दार बंद होते. पाणी जमिनीवर पसरले, फळीपर्यंत चढले, व्हायोलिनांच्या पेट्यांत शिरले. चार भिंती असूनही मी ते अडवू शकलो नाही. खालच्या बिऱ्हाडाचे छत गळू लागले, तेव्हा कुठे धावाधाव झाली.

मास्तरांनी वडिलांचे व्हायोलिन पेटीतून काढले. सरस विरघळून त्याची पाठ सुटली होती. ते मांडीवर घेऊन मास्तर रुमालाने टिपू लागले.

तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला. त्याने भिंतीला ओल मोजायचे यंत्र लावले, फोटो काढले. मग दाराजवळची शिकवणीची पाटी वाचली आणि मऊ आवाजात विचारले, "बाई, तुम्ही इथेच राहता ना?"

सिस्टरने त्या पाटीकडे पाहिले. तेवढ्यात मास्तर पुढे झाले. "या माझ्या मावशी. इथेच असतात."

ज्यांचे इतके नुकसान झाले होते, तेच तिला सावरायला धावले. सिस्टरने त्यांच्या दंडावर हात ठेवला. "नको मास्तर. साहेब, मी लेकीकडे राहते. चार वर्षं हे घर भाड्याने दिलंय. फॉर्मवर मी खोटं लिहिलं."

त्या माणसाने लिहिणे थांबवले. "बाई, भाड्याचं आहे एवढंच सांगितलं असतंत, तर भिंत, फरशी, भाडं, सगळं विम्यात बसलं असतं हो. आता मला हे लिहावंच लागेल, आणि कंपनी पैसे देणार नाही."

"आणि मास्तरांची वाद्यं?"

"ती तशीही बसली नसती. घराच्या विम्यात भाडेकरूचं सामान येत नाही. त्याचा विमा त्यांनी वेगळा काढायचा असतो."

मास्तरांनी सिस्टरकडे पाहिले नाही. त्यांनी पाहिले असते तर तिला बरे वाटले असते, असे मला वाटते.

महिनाअखेरीस ते निघाले. किल्ली देताना म्हणाले, "सिस्टर, तुम्ही मुद्दाम नाही केलंत."

"तुम्ही विचारलं होतंत, मास्तर," ती म्हणाली. "मी न वाचताच उत्तर दिलं."

त्यानंतर वर्षभर मी बंद होतो. फोडलेल्या भिंतीला बुरशी आली. सिस्टरची औषधे मुलीच्या माथी पडली. आपल्यामुळे कुणाचे हाल होत आहेत हे कळावे आणि एक खिडकीही उघडता येऊ नये, असे ते दिवस होते. हळूहळू तिने थोडे थोडे काम करून घेतले. आता माझ्यात दोघी बहिणी राहतात. त्यांना किल्ली देण्याआधी सिस्टर धापा टाकत तीन जिने चढून आली. तिने पॉलिसी त्यांच्यापुढे उघडली आणि काय मिळते, काय मिळत नाही, ते ओळ न् ओळ वाचून दाखवले.

मित्रांनो, आम्हा घरांना आपल्याविषयी काहीच सांगता येत नाही. आमच्यात कोण राहते, कुठे ओल आली आहे, हे तुम्हीच पाहायचे आणि जसे आहे तसेच लिहायचे. आणि आमच्यात राहायला येणाऱ्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा, की त्याच्या वस्तूंचा विमा त्यालाच काढायचा आहे. तो विश्वासाने किल्ली घेतो हो.

मास्तर सध्या कुठे शिकवतात, ते मला माहीत नाही. त्या दोघी बहिणींनाही माहीत नाही. आणि मी कोणाला विचारू शकत नाही.