कुशाबाईचं रेकॉर्डिंग

बायकोच्या, कुशाबाईच्या वर्षश्राद्धाला तिच्या आवडीची भजनं लावायची, म्हणून जोतीराम मोबाईल घेऊन इंदापूरच्या दुकानात गेला. घरी त्यातलं एकही वाजलं नव्हतं.

"पेनड्राइव्हवर भरून दे," तो म्हणाला.

दुकानदार ऋषिराजनं मोबाईल पाहिला. "तात्या, गाण्याच्या ॲपचा प्लॅन संपलाय तुमचा. आन् ही कॉपी व्हत न्हायत, कुलूप असतंय यांना."

"आरं, मी डाउनलोड केल्यात की!"

"म्हणून काय तुमची झाली व्हय? मांडववाल्याची भाड्याची भांडी ती. तुमी सोता रेकॉर्ड केलेलं असंल तर द्या, आत्ता भरतो."

अंथुर्ण्याच्या देवळात कुशाबाई गायची, ते जोतीरामनं रेकॉर्ड केलं होतं. पुढं मोबाईल भरला तेव्हा त्यानंच ते पुसून ही भजनं घेतली. "ह्यांचा गळा बघ," असंही तिला ऐकवलं. ती नुसतं "व्हय" म्हणाली होती. त्यानंतर देवळात ती मागं बसून फक्त टाळ वाजवायची.

"प्लॅन भरू का, तात्या? लगेच वाजतील."

"नको," जोतीरामनं मोबाईल खिशात टाकला. "तिच्या वर्षश्राद्धाला तरी तिला तीच भजनं परत कशाला ऐकवू?"