चटईतला हात

तिपोकोआजीने सिनेमात काम करायला नाही म्हटलं, ते सिनेमा वाईट म्हणून नव्हे. ती घाबरली होती. पण कुडुगू शहरातल्या त्या आळीत तिला घाबरलेली कुणी पाहिली नव्हती, आणि जिवंतपणी ती कुणाला पाहू देणारही नव्हती. म्हणून कारण तिने भलतंच सांगितलं. म्हणे, माझे गुडघे धरलेत, एकदा जमिनीला पाठ टेकली की उठवायला बैलजोडी आणावी लागेल.

बाजारामागचं थिएटर कित्येक वर्षं बंद होतं. आत शेळ्या बांधत. वर छप्पर नाही, चार उंच भिंती, समोरची भिंत पांढरी रंगवलेली, तोच पडदा. सेडोगो नावाच्या एका तरुण मास्तराने ते झाडून घेतलं आणि ईस्टरच्या सुट्टीत आळीतल्या पोरापोरींना तिथे शिकवायला लागला. कॅमेरा कसा धरायचा, आवाज कसा पकडायचा, काढलेलं कापून कसं जोडायचं. सुट्टी संपता संपता पोरांनी स्वतःचा सिनेमा करायचा आणि अख्ख्या आळीला त्या भिंतीवर दाखवायचा, असं ठरलं होतं.

आजीची नात पेलाजी पहिल्या दिवसापासून जायची. घरी आली की दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून, एक डोळा मिटून आजीकडे बघत बसायची.

"काय बघतेस गं मेले?"

"तुझा कान. मास्तर म्हणतात, एकाच गोष्टीकडे बघत राहायचं. मग ती आपोआप बोलते."

"माझा कान ऐकतो. बोलायला तोंड आहे, आणि ते तुझ्या मास्तराला पुरून उरेल."

पोरीने गोष्ट निवडली ती नेमकी मयताची. एक म्हातारी मरते, तिचे थट्टेचे सोयरे येतात आणि रडणाऱ्यांना हसवतात. ती गोष्ट तिने कुठून आणली हे वेगळं सांगायला नको. त्या मुलखात मोस्सी आणि सामो या दोन जमातींचं नातंच थट्टेचं. एकमेकांना काहीही बोलावं, कुणी राग धरायचा नाही. मोस्सी मेला की सामोने यायचं, तिरडी अडवायची, मेलेल्याची नक्कल करायची, त्याच्या चटईवर आडवं पडून त्याच्यासारखं खोकायचं. आजी मोस्सी. आणि कुंपणापलीकडे राहायचा लासिना तोए, सामो. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी दोघांचं भांडण व्हायचं. तो कुंपणावरून विचारायचा, माझी बटीक उठली का. ही म्हणायची, कुत्रेखाऊ, आधी दातात अडकलेलं शेपूट काढ. मग दोघं आपापल्या कामाला लागायचे. एखाद्या दिवशी हे झालं नाही तर आळीतली माणसं विचारपूस करायला यायची.

तर पेलाजीला प्रेत हवं होतं, आणि ते आजीनेच व्हावं असा तिचा हट्ट. आजीने गुडघ्यांचं सांगितलं खरं, पण त्या रात्री तिचा डोळा लागला नाही. तिला नवरा आठवला. त्याला चटईत गुंडाळलं, वर पांढरं कापड, चौघांनी खांद्यावर घेतलं. तेच आता आपल्याला करणार, आणि एक यंत्र डोळा उघडा ठेवून बघत बसणार. मरण आळीत हिंडतच असतं. त्याला कसं कळावं की हे पोरांचं खोटं चाललंय? बाई गुंडाळून तयार ठेवलेली दिसली तर ते उचलून चालू लागेल. हे कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. सगळे हसले असते, आणि सगळ्यात आधी कुंपणापलीकडचा.

तोच शेवटी धावून आला. सकाळी कुंपणावरून म्हणाला, "ही मेल्यावर मला हिच्या चटईवर झोपायचंच आहे. आत्ताच सराव करतो. चटई मात्र हिचीच हवी, माझ्या चटईला मोस्सीचा वास नको."

पेलाजी टाळ्या पिटत आत गेली. आजीने त्याला दोन शिव्या घातल्या आणि पाठ फिरवून चुलीशी जाऊन बसली. छातीवरचा धोंडा उतरला होता. पण उतरून कुठे गेला, हा विचार तिने केला नाही. तो विचार नंतर आला.

भर एप्रिल. थिएटरच्या चार भिंतींत ऊन असं कोंडलेलं की भाकरी ठेवली तर भाजून निघावी. मास्तर म्हणाला, उजेड मस्त आहे. पोरांनी चकचकीत कागद चिकटवलेले पत्रे धरले होते, तेही त्या उजेडात भर घालत होते. तोएला मधोमध आजीच्या चटईत गुंडाळलं, दोऱ्या आवळल्या, वरून पांढरं कापड टाकलं. एक हात तेवढा बाहेर राहिला होता, कारण त्याला जाताजाता तंबाखूची चिमूट तोंडात टाकायची होती. आजीला मास्तराने रडणाऱ्या बायकांत बसवलं, चटईच्या अगदी जवळ.

मास्तराने पोरांना बजावलं होतं, मी थांबा म्हणेपर्यंत कुणी कॅमेरा सोडायचा नाही, कुणी जागचं हलायचं नाही. पेलाजी डोळा लावून बसली. बायका रडायला लागल्या, दोघी तर खरंच रडल्या. चटईतून तोए खोकला, हुबेहूब आजीसारखा. सगळे फिदीफिदी हसले. मग तो कण्हला. आणखी हसले.

मग चटईतून तो हात वर आला. पाची बोटं पसरलेली. हवेत थांबला.

आजीने त्यावर चापट मारली आणि तो खाली दाबून धरला. "मेलेल्यांनी हात वर करायचे नसतात, कुत्रेखाऊ. पड गप्प."

थिएटर हसून हसून लोळलं. मास्तरालाही हसू आवरेना, पण त्याने थांबा म्हटलं नाही, असं सोन्यासारखं चाललेलं कोण थांबवील. हात पुन्हा वर आला नाही. आजीच्या तळव्याखाली तो आधी ताठ होता, मग सैल पडला. तिला वाटलं, बरा सराव केलाय म्हाताऱ्याने.

"आजी." पेलाजीचा आवाज. मास्तराने बोट ओठांवर ठेवलं. पोरीने तिकडे बघितलंही नाही. "आजी, तोंडावरचं कापड मघाशी हलत होतं. आता हलत नाहीये."

"श्वास रोखलाय त्याने," कुणीतरी म्हणालं. "सामो आहे तो, त्याला सगळं येतं."

पेलाजीने कॅमेरा तसाच सोडला, धावत आली आणि कापड ओढलं. तोएचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. डोळे अर्धे उघडे, आणि बघत काहीच नव्हते.

मागच्या भिंतीशी बसलेली दोन पोरं तरीही हसतच होती. आजीला आपला हात अजून त्याच्या हातावर दिसला. तो तिला उचलता येईना.

मास्तराने तीनचाकी आणली, पोत्यांवर तोएला आडवा घातला. आजी मागे चढली, गुडघ्यांचं तिला काही आठवलं नाही. रस्ताभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती बसली होती आणि त्याच्या नाकाशी हात धरत होती. तीनचाकी हिसके खायची, आणि वारा त्याचा की रस्त्याचा, हे तिला कळायचं नाही. मरण माझ्यासाठी आलं होतं, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. चटई माझी, जागा माझी. ते बरोबर पत्त्यावर आलं होतं. त्याला आत सापडला हा, आणि बाहेर यायला याने हात वर केला तर तो दाबून कोणी ठेवला? मीच.

दवाखान्यात नर्सने विचारलं, तुमचा कोण लागतो. मोस्सीने अशा वेळी द्यायचं उत्तर ठरलेलं आहे, माझा गुलाम लागतो. ते तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच चिकटलं. "शेजारी," ती म्हणाली. नर्सने सुई टोचली, बाटली लावली, ओल्या फडक्यांनी अंग पुसलं. म्हणाली, उन्हाने आणि गुदमरून हृदय थकलंय, ठोके चुकताहेत. शुद्धीवर आले तर बरं. नाही आले तर, आणि पुढचं तिने सांगितलं नाही.

तोएची मुलगी जेनेबा बाजारातून धावत आली, हाताला अजून टोमॅटोचा चिकटा. आजीने मान खाली घातली. आता ही विचारणार कसं झालं, आणि आपण सांगणार तरी काय? पण जेनेबाने विचारलं नाही. बापाच्या उशाशी बसली, त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "मावशी, तू बोल त्याच्याशी. घाल ना शिव्या. रोज तुझं ऐकल्याशिवाय त्याचा दिवस उजाडत नाही."

आजीने तोंड उघडलं. ज्या तोंडाने कुडुगूतले सावकार परत पाठवले, सुना वळणावर आणल्या, त्या तोंडातून एक शब्द फुटेना. कारण जेनेबाला सुचलं नव्हतं ते तिला लख्ख दिसत होतं. थट्टेचा सोयरा थट्टा कुणाच्या उशाशी करतो? मेलेल्याच्या. आत्ता मी कुत्रेखाऊ म्हटलं आणि हा उठला नाही, तर हे त्याच्या मयताचंच काम झालं. म्हणजे मीच जाहीर केलं की हा गेला. आणि नाही बोलले तर? रोजची हाक आली नाही म्हणून हा परत फिरणार कसा?

"मावशी, बोल ना."

बाटलीतून थेंब पडत होते. दोन थेंबांमध्ये इतका वेळ जायचा की आजीला वाटायचं, थांबलं सगळं. पेलाजी दारात येऊन उभी राहिली होती, बोटांची चौकट वगैरे काही नाही, नुसती बघत. एकाच ठिकाणी. बापड्याच्या छातीवरच्या चादरीकडे. "हलतंय," ती हळूच म्हणाली. "अगदी थोडं. आजी, हलतंय."

आजी उठली, गेली आणि त्याचा तोच हात दोन्ही हातांत घेतला.

"लासिना," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे नाव तिने कधी घेतलं नव्हतं. "लासिना, भाऊ माझ्या. ऊठ रे. माझं चुकलं. तू हात वर केलास तो मी दाबला. मला भीती वाटत होती म्हणून तू माझ्या जागी झोपलास, आणि मी तुला कधी सांगितलंसुद्धा नाही. ऊठ, मी तुला काही बोलणार नाही."

मग तोएचे ओठ हलले. डोळे मिटलेलेच होते. आवाज असा की कान जवळ न्यावा लागला.

"जेनेबा," तो म्हणाला. "ही मोस्सी गोड बोलतेय. मी मेलो का गं?"

जेनेबा हसली आणि रडली, दोन्ही एकदम. नर्स धावत आली. आजी मात्र बाहेर गेली, अंगणातल्या कडुनिंबाखाली खोडाला टेकून बसली, आणि संध्याकाळच्या सावल्या लांब झाल्या तरी उठली नाही. तिला हसू आलं नाही. पेलाजी पाणी घेऊन आली तेव्हा तिने पोरीचा एक डोळा, मग दुसरा डोळा असे अंगठ्याने पुसले आणि म्हणाली, "डोळे चांगले आहेत तुझे." यापेक्षा मोठं कौतुक त्या घरात कुणी कुणाचं केलेलं नाही.

तोए घरी आला, काठी घेऊन फिरू लागला. सिनेमा पुरा करायचा होता. मास्तराने मान खाली घालून सांगितलं, तो हात वर येतो तेवढा तुकडा कापून टाकू. पेलाजी दोन दिवसांनी आजीला विचारायला आली. कॅमेरा चालूच राहिला होता. हात वर येतो, आजी दाबते, सगळं आलं होतं. काढू की ठेवू?

आजी भाजी निवडत होती.

"ठेव," म्हणाली. "मी मेले की तुम्ही सगळे माझी थोरवी गाल. तेव्हा हेही दाखवा."

दिवस मावळल्यावर अख्खी आळी थिएटरात जमली. शेळ्यांची जागा आता बाकांनी घेतली होती. पोरांनी केलेला सिनेमा भिंतीवर उमटला, आपापले चेहरे बघून बाया तोंडावर हात घेत होत्या. आजी आणि तोए एकाच बाकावर. तो खालच्या आवाजात सांगत होता, बघ, मेलेला मीच तुझ्यापेक्षा देखणा दिसतो.

मग हात वर आला. दवाखान्यात तिच्या मुठीत मावला होता तो हात. इथे भिंतभर होता, दारापेक्षा उंच, पाची बोटं पसरलेली. तिने तेव्हा तो बघितलाच नव्हता. आता नीट दिसला. बोटं थरथरत होती. मग बाजूने दुसरा हात आला, बांगड्या घातलेला, तिचा, आणि फटकन त्याला खाली घेऊन गेला.

आळी खदखदून हसली. पुढच्या बाकांवरची पोरं तर पुन्हा, पुन्हा म्हणून ओरडायला लागली. अंधारात तिच्या शेजारी काहीतरी हळूहळू वर उचललं जात होतं.

तिने झडप घातली आणि तो हात घट्ट धरला.

"सोड गं," तोए म्हणाला. "मच्छर मारतोय."

तिने सोडला नाही. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठून जायला लागले, तरी नाही.